आधी छेद समान करा, मग भांडा

शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी मध्य प्रदेशाला खेटून असलेलं गाव. संत्र्यासाठी ते ओळखलं जातं, आणि त्याहीपेक्षा संत्र्याच्या कलमांसाठी. जंभेरीच्या नाहीतर रंगपूर लाइमच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा, की खाली आंबट आणि वर गोड असं झाड तयार होतं आणि ट्रकात बसून परप्रांतात जातं. अर्धं-अर्धं जोडून एक पूर्ण करण्याचा धंदा ज्या गावात घरोघरी चालतो, तिथल्या सहावीतल्या पोराला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती असं विचारलं, तर ते छातीठोकपणे दोन पंचमांश म्हणून सांगतं.

सर डोक्याला हात लावतात. "काहून रे, अर्ध्या भाकरीत अजून तिसरा हिस्सा टाकला, तं अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?"

"सर, वरचे एक न् एक दोन. खालचे दोन न् तीन पाच. मंग?"

या "मंग?"ला उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. कारण पोराचा हिशेब त्याच्या घरच्या नर्सरीत तंतोतंत बरोबर आहे. एका वाफ्यात दोन कलमं बांधली, एक जगलं. दुसऱ्यात तीन बांधली, एक जगलं. एकूण पाचांपैकी दोन जगली. दोन पंचमांश! क्रिकेटमध्येही असंच चालतं: दोन चेंडूंत एक धाव आणि तीन चेंडूंत एक धाव, म्हणजे पाच चेंडूंत दोन. तिथे कुणी लसावि काढत बसत नाही, आणि काढला तर स्कोअररला घरी पाठवतील. पोराने चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं. नर्सरीत पाच वेगवेगळी कलमं असतात. शाळेतली भाकरी मात्र एकच, आणि तिचे आधी सारख्या आकाराचे तुकडे केल्याशिवाय बेरीज होत नाही. हा फरक समजावून सांगायला तास पुरत नाही, म्हणून सर नियम सांगून मोकळे होतात: छेद समान करा.

मोठी माणसं यात शहाणी असतात असंही नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ए अँड डब्ल्यू या उपाहारगृहांच्या साखळीने मॅकडोनाल्डच्या पाव पौंडाच्या बर्गरसमोर एक तृतीयांश पौंडाचा बर्गर आणला, किंमत तीच. लोक फिरकेनात. तेव्हाचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की गिऱ्हाइकांना तीनपेक्षा चार मोठे वाटत होते, तेव्हा कमी मांसाला तेवढेच पैसे का मोजायचे, असा त्यांचा सवाल होता. शेंदूरजनाघाटच्या पोराने निदान बेरीज तरी करून पाहिली होती.

पाठ्यपुस्तकवाल्यांना अपूर्णांक शिकवायला नेहमी भाकरी, केक नाहीतर पिझ्झा लागतो. संत्र्याच्या पट्ट्यात संत्रं का नाही, असं एखाद्याला वाटेल. त्याचं उत्तर संत्रं सोलल्यावर कळतं. नागपुरी संत्र्यात साधारण दहा ते बारा फोडी निघतात. बारा निघाल्या तर सरांचं नशीब: अर्धं, तिसरा हिस्सा, पाव, सहावा हिस्सा, सगळं सुखाने वाटता येतं. दहा निघाल्या, की तिसरा हिस्सा मागणारा रडतो. आणि अकरा निघाल्या तर खेळच खलास, कारण अकराला एक आणि अकरा सोडून कशानेच भाग जात नाही. झाडाला सहावीचा अभ्यासक्रम कुणी कळवलेला नसतो.

समान छेद माणसाला फार पूर्वीपासून शोधावा लागला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये इजिप्तमधल्या अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवलेला ऱ्हाइंड पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात अपूर्णांकांच्या बेरजेशेजारी लाल शाईने काही मदतीचे आकडे मांडलेले दिसतात. ते आपल्या समान छेदाचेच पूर्वज. म्हणजे लाल शाई तेव्हाही होती, फक्त ती मास्तरांच्या हातात नव्हती. आपल्याकडे महावीराचार्यांनी इसवी सन ८५०च्या सुमारास 'गणितसारसंग्रहा'त लघुत्तम साधारण विभाज्य काढायची रीत दिली आणि त्याला निरुद्ध हे नाव दिलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले ते जैन गणिती. अकराशेहून जास्त वर्षं उलटून गेली, तरी पोरांच्या मते ही रीत अजून नवीनच आहे.

रीत टाळण्याचा जुना मार्गही आहे. छेदांचा सरळ गुणाकार करा, झाला समान छेद. एक द्वादशांश अधिक एक षोडशांश? बारा सोळे एकशे ब्याण्णव. उत्तर येतं, फक्त पुढे संक्षेप करताना वही भरते. लघुत्तम छेद आहे ४८. पोरं म्हणतात, उत्तर तर तेच येतं ना, मग लघुत्तमाची काय गरज? या प्रश्नाचं खरं उत्तर वर्गात मिळत नाही, विहिरीवर मिळतं. तिथे पुढे जायचंच आहे.

त्याआधी हा १९२ जरा बघा. एका रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, म्हणजे रुपयाचे पै एकशे ब्याण्णवच! जुन्या लोकांनी छेद शोधायचं काम पोरांवर सोडलंच नव्हतं. तो नाण्यात ओतून ठेवला होता. रुपया तिघांत वाटायचा, तर प्रत्येकी पाच आणे चार पै, बाकी शून्य. सहा जणांत दोन आणे आठ पै. बारा जणांत एक आणा चार पै. चोवीस जणांत आठ पै. तीच गत सोन्याची: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. गुंठ्यालाही सोळा आणे. त्याच्या जोडीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीचे पाढे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो तोंडपाठ असलेल्या माणसाला एक द्वितीयांशाची भीती कोण घालणार? जुन्या जमिनीच्या कागदांत हिस्सेदारांच्या नावापुढे आणे-पै लिहिलेले सापडतात. पाच आणे चार पै दिसले, की समजायचं, हे घर तीन भावांचं.

या व्यवस्थेत एकच खोट होती. १९२ला पाचाने भाग जात नाही. पाच भावांत रुपया वाटला तर प्रत्येकी तीन आणे दोन पै येतात आणि दोन पै पाटावर उरतात. एखाद्या घरी पाचवा मुलगा झाला, की बापाच्या आनंदात तलाठ्याचा वाटा नसायचा तो यामुळेच, असं मानायला जागा आहे.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाच भाऊ सुखी झाले, प्रत्येकी वीस. आता रडायची पाळी तीन भावांची होती. तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि एक पैसा पाटावर. शिवाय आण्याचे सव्वासहा पैसे होत, म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस ठरले. एकेक आण्याची वस्तू चारदा घेतली तर चोवीस पैसे, चारही एकदम घेतल्या तर पंचवीस. ठोक मालाला जास्त भाव लावणारा बाजार वऱ्हाडाने त्याआधी पाहिला नव्हता.

आपण मागासलेले म्हणून आणे वापरत होतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची चौकशी करावी. तिथे भाव डॉलरच्या आठव्या हिस्स्यात बोलले जात, १९९७ पासून सोळाव्या हिस्स्यात, आणि पूर्ण दशमान व्हायला २००१ उजाडलं. वॉल स्ट्रीटवर आणेच चालत होते म्हणा ना, तेही आपल्यानंतर चव्वेचाळीस वर्षं.

पैसा बदलला, जमीनही दशमान झाली. एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. समजा, एक हेक्टरचा बगिचा तीन भावांत वाटायचा आहे. आरपर्यंतच लिहिलं तर ३३, ३३ आणि ३४. सहा बाय सहा मीटरवर संत्रं लावलं तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. म्हणजे त्या वरच्या एका आरमध्ये पावणेतीन झाडं. पावणेतीनपैकी ते पाऊण झाड कोणतं, यावर एक अख्खा पावसाळा जाऊ शकतो. सातबाऱ्यावर आता चौरस मीटरपर्यंत क्षेत्र लिहितात, त्यामुळे भांडण आक्रसून एका चौरस मीटरवर आलं. तेवढ्यात संत्र्याचं झाड मावत नाही. बांधावर रोवायचा दगड मावतो, आणि दगड मावला की भांडण मावतंच.

पण खरा लसावि जमिनीत नाही, विहिरीत आहे. जमीन कापता येते, विहीर कापता येत नाही. तिथे वाटायचं असतं पाणी, आणि पाणी वाटायचं म्हणजे तास वाटायचे. समजा, तीन भावांची सामाईक विहीर होती, प्रत्येकाचा एक तृतीयांश. थोरला वारला, मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. चौघांचे सारखे वाटे, म्हणून प्रत्येकी एक द्वादशांश. मधला वारला, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकी एक पंचदशांश. धाकटा ठणठणीत, त्याचा एक तृतीयांश शाबूत. आता छेद झाले तीन, बारा आणि पंधरा. जुन्या पद्धतीने लिहायला गेलं तर थोरल्याच्या वारसांना एक आणा चार पै नीट बसतात. मधल्याच्या वारसांना एक आणा आणि वर पैचे चार पंचमांश. पाचाने आपला जुना दावा साधला.

लघुत्तम छेद मात्र ६० येतो, आणि काम सोपं होतं. साठ तासांची पाळी धरा. थोरल्याच्या चौघांना पाच-पाच तास, झाले वीस. मधल्याच्या पाच जणांना चार-चार, झाले वीस. धाकट्या काकांचे वीस. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मोटारीला दिवसाकाठी आठ तास वीज धरली तर साठ तासांची एक फेरी संपायला साडेसात दिवस लागतात. साडेसाती साडेसात वर्षांची असते हे पंचांगवाल्यांचं मत. मोटार ज्याच्या नावावर आहे त्याचं मत वेगळं असू शकतं.

आता लघुत्तम न काढता सरळ गुणाकार करणारं ते पोर मोठं होऊन पाळी लावायला बसलं असं समजा. तीन गुणिले बारा गुणिले पंधरा, पाचशे चाळीस. छेद समान झाला, गणितात काहीही चूक नाही. फक्त पाळी ५४० तासांची. थोरल्याच्या प्रत्येक वारसाला सलग पंचेचाळीस तास पाणी, धाकट्या काकांना सलग एकशे ऐंशी तास, आणि आठ तासांच्या विजेवर एक फेरी पूर्ण व्हायला साडेसदुसष्ट दिवस. आंबिया बहाराची फळं सुपारीएवढी होऊन गळून गेली, तरी काही जणांचा नंबर यायचा असेल. लघुत्तम कशाला, या प्रश्नाचं उत्तर ते हे. साठ आणि पाचशे चाळीस यांत उत्तर तेच येतं, बगिचा मात्र तोच राहत नाही.

यातही थोरल्याच्या घरातल्या बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, तर तिचे पाच तास ज्याच्या नावे ते केलं त्या भावाच्या खात्यात जातात. छेद साठच राहतो. आणि नाही दिलं, तर? "तुले तिकडे नांदायले काय कमी हाय बाई?" असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे, त्यामुळे या प्रश्नाला कायद्यात उत्तर द्यायची तिच्यावर सक्ती नाही. तिचे पाच तास तिचे. ती अमरावतीला राहते आणि पहाटे तीनला मोटार सुरू करायला येऊ शकत नाही, हा लसाविचा दोष नव्हे.

आणि एवढं सगळं केल्यावर विहिरीत पाणी असायला हवं. वरूड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित म्हणून वर्षानुवर्षं गाजतो आहे. जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअरही खोल खोल गेले. अशा विहिरीत चार साठांश हिस्सा असणाऱ्या माणसाने त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी का, हा गणिताबाहेरचा प्रश्न आहे. शून्याचा कितवाही हिस्सा शून्यच, हे सहावीच्याही आधी शिकवतात. तरी लोक चढतात. उद्या पाणी आलं तर?

गणितात छेद हवा तितका वाढवता येतो, तहसिलात नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यासाठीच आला. २०२३ मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ही किमान मर्यादा ठेवली. त्याहून लहान तुकड्याची सुटी खरेदी-विक्री नोंदवायला गेलं तर अडतं. म्हणजे बागायती एकराला सरकारने घालून दिलेला छेद चार. त्यापुढच्या अपूर्णांकांनी मनात राहावं.

हिश्श्याच्या हिश्श्याचा हिस्सा कुठवर जातो, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्येच 'लीलावती'त दाखवून ठेवलं आहे. एका कंजूष माणसाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश घेतले, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश आणि त्याचाही चौथा हिस्सा दिला. तर दिलं किती? गुणाकार करून संक्षेप केला की एक भागिले १२८० येतं. तेव्हाच्या हिशेबात द्रम्माच्या कवड्याही १२८०च. म्हणजे एवढी खटपट करून त्या माणसाने दिली एक कवडी. शहरात राहणाऱ्या मालकाने आपल्या हिश्श्याचा बगिचा बटईने द्यावा, बटईदाराने त्यातला हिस्सा मेहुण्याला द्यावा आणि मेहुण्याने फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला उक्ती विकावीत, मग मूळ मालकाच्या बहिणीला वर्षाला जी संत्र्याची पिशवी पोचते, तिचा हिशेब याच रीतीने लावावा.

कधी कधी तर हिस्से मिळून एकाहून जास्त भरतात. मुस्लिम वारसा कायद्यात वाटे ठरलेले असतात. बायको, दोन मुली, आई आणि वडील मागे राहिले तर बायकोला एक अष्टमांश, मुलींना मिळून दोन तृतीयांश, आई-वडिलांना प्रत्येकी एक षष्ठांश. लघुत्तम छेद २४ आणि अंशांची बेरीज तीन, सोळा, चार, चार मिळून सत्तावीस! चोविसात सत्तावीस कसे बसवायचे? तिथल्या शास्त्रींनी अंशांना हात न लावता छेदच २७ केला, की सगळ्यांचे वाटे सारख्या प्रमाणात उतरले. बायकोचा आठवा हिस्सा नववा झाला. खलिफा अलींना हा प्रश्न मिंबरवर, भाषण चालू असताना विचारला गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, अशी परंपरा आहे. इतक्या शांतपणे छेद बदलणारा माणूस महसूल खात्याला क्वचितच मिळतो.

छेद बदलला की नशीब बदलतं, हे वऱ्हाडाला पैसेवारीने चांगलंच शिकवलं आहे. आणे गेले, पण पिकाची आणेवारी पैसेवारी होऊन राहिली. प्रत्यक्ष आलेलं उत्पन्न वर, प्रमाण उत्पन्न खाली, आणि शंभरावर आणलेला आकडा. पन्नास पैशांच्या आत आला तर टंचाईच्या सवलती, एक्कावन्न आला तर पीक उत्तम. सगळं गाव अंशाकडे बघतं: कापणी कुठल्या वावरात केली, दाणे कुणी मोजले. हुशार माणूस छेदाकडे बघतो. वाईट वर्षांची सरासरी धरून प्रमाण उत्पन्नच खाली आणलं, तर यंदाचं कोळपलेलं पीकही साठ पैसे भरतं. शंभरचा आकडा सगळ्या गावांना समान आहे. त्या शंभरात काय भरलं, ते समान असेलच असं नाही.

तेव्हा वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी एक कराच. सगळ्यांचे हिस्से एका कोऱ्या कागदावर लिहा, लघुत्तम छेद काढा आणि अंशांची बेरीज मारा. ती छेदाइतकीच आली पाहिजे. जास्त आली तर कुणाचं तरी नाव दोनदा आलं आहे. कमी आली तर बहुतेक वेळा बहीण राहून गेलेली असते.